चौदावे कोरे पुष्पचक्र

कोणत्याही राष्ट्राला स्वाभिमान बाळगायचा असेल, तर त्याचा खर्च दुसऱ्या एखाद्या राष्ट्राने उचलावा लागतो. कारण सरळ आहे. स्वाभिमानी माणूस कोणापुढे हात पसरत नाही. हात न पसरणाऱ्याला काही मिळत नाही. आणि ज्याला काही मिळत नाही त्याच्याजवळ ध्वनिक्षेपक नसतो. ध्वनिक्षेपकावाचून स्वाभिमान शेजारच्या गल्लीतही ऐकू जात नाही. म्हणून हात न पसरताच तो भरला जाईल अशी काही व्यवस्था करणे भाग पडते. युद्धानंतरच्या तोक्योत ही व्यवस्था सर्वांत नेटकी केली ती निर्भेळ राष्ट्र पक्षाने.

पक्षाचे संस्थापक ओनिझुका गेन्पाची युद्ध संपल्यावर तीन वर्षे तुरुंगात होते. एके सकाळी अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, की त्यांची शिक्षा बरीच उरली असली तरी पश्चात्ताप पूर्ण झाला आहे. (पश्चात्ताप मोजण्याचे साधन त्या काळी फक्त परकीयांकडेच होते.) ते बाहेर आले तेव्हा दारात एक लांबलचक परदेशी मोटार उभी होती. त्या मोटारीत बसून त्यांनी परकीय वस्तूंवर बहिष्कार टाकण्याची प्रतिज्ञा केली. पेट्रोल संपेपर्यंत ती तोंडपाठही झाली.

पुढे दहा वर्षे पक्ष वाढत गेला. ती मोटार पाठवणाऱ्या, खंदकाकाठच्या पांढऱ्या इमारतीत बसणाऱ्या परदेशी मित्रांना पक्षात नुसते ‘पलीकडचे’ म्हणत. पलीकडच्यांनी पक्षाला दोन ध्वनिक्षेपकाच्या गाड्या दिल्या, छापखाना दिला, कागद दिला. दहा वर्षांत पक्षाने त्या पांढऱ्या इमारतीसमोर दोनशे बारा निदर्शने केली. त्यांतील दोनशे अकरांची तारीख फोनवरून आधी ठरली होती. उरलेले एक चुकून पलीकडच्यांच्या सणाच्या दिवशी झाले. ओरडायला समोर कोणीच नव्हते. ते पुढच्या मंगळवारी, त्यांच्याच विनंतीवरून, पुन्हा घेण्यात आले. ‘परक्यांनो, चालते व्हा’ या मुख्य घोषणेचा मसुदादेखील पलीकडूनच आला होता. त्यात भाषेच्या दोन चुका होत्या. त्या इसोगाईंनी दुरुस्त केल्या.

इसोगाई शुझो हे पक्षाचे मुद्रितशोधक. वय चौसष्ट. पूर्वी मुलींच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्या बावीस वर्षांत वर्गाकडे तोंड करून बोलण्याचे धाडस त्यांना फारसे झाले नाही; ते फळ्याशी बोलत आणि मुली ऐकत. स्वतःच्या खोलीत शिरतानाही ते आधी दारावर हलकेच टकटक करत. आत कोणी नाही याची खात्री झाली की मग त्यांना आपण तरी आत जावे का, असा प्रश्न पडे.

या माणसाने आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती. शाळेच्या त्याच बावीस वर्षांत, सुट्टीसुट्टीला तोक्योभोवतालच्या सहा प्रांतांत पायी हिंडून त्यांनी एक हजार चारशे बारा विहिरींची नोंद केली होती. प्रत्येकीची खोली, पाण्याची चव, कोणी बांधली, कोण बुडाले, सध्या पाणी कोण भरते. त्या ग्रंथाचे तीन खंड हस्तलिखितात तयार होते. चार प्रकाशकांनी ते परत केले होते. चौथा म्हणाला, “घरोघर नळ येतायत, आणि तुम्ही विहिरी काय घेऊन बसलात?” इसोगाईंना त्याचे पटले; त्यांना सगळ्यांचेच पटत असे. पण ओनिझुकांनी एकदा सहज हस्तलिखित उघडले, मधलेच एक पान मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “परक्यांकडे आहेत का अशा विहिरी? छापू!”

त्या ‘छापू’वर इसोगाई सात वर्षे पक्षाची मुद्रिते तपासत होते. पलीकडच्यांबद्दल त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कागदी दारापलीकडे शेजारी घोरतो ते जसे आपल्याला ठाऊक असते तसे ठाऊक होते. ऐकू येते. पण सकाळी भेटल्यावर त्याचा उल्लेख करायचा नसतो.

सप्टेंबरात ओनिझुका न्हाणीघरात पाय घसरून वारले. त्यांच्याबरोबर ते ‘छापू’ही गेले, असे इसोगाईंना वाटले, आणि एवढा मोठा माणूस गेला असता आपल्याला विहिरी आठवतात याची त्यांना फार लाज वाटली.

उपाध्यक्ष दोइगाकी यांनी त्यांना बोलावून घेतले. दोइगाकी जाडजूड, घामट, आणि रडताना घड्याळाकडे पाहणारे गृहस्थ होते.

“इसोगाईसान, अंत्यविधीतला शिष्टाचार तुमच्याकडे. स्वागताचं टेबल, पुष्पचक्रांचा क्रम, परतभेटी. तुम्ही पुस्तकं वाचता, तुम्हाला कळतं यातलं.”

“मला नीट जमेल की नाही, साहेब…”

“जमायलाच पाहिजे. वर्तमानपत्रवाले येणार आहेत. एक चूक झाली तर माझं अध्यक्षपद गेलं.” मग त्यांनी आवाज उतरवला. “आणि हे बघा, चूक झाली नाही, तर तुमच्या त्या… आडांचं पुस्तक मी छापतो.”

“विहिरींचं,” इसोगाई म्हणाले, आणि मध्येच बोलल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली.

येथे पुष्पचक्रांविषयी थोडे सांगणे भाग आहे. मयताच्या दारासमोर माणसापेक्षा उंच, तीन पायांवर उभी केलेली कागदी फुलांची चक्रे लावतात, आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याच्या नावाचा उभा फलक असतो. लोक येताना फुले पाहत नाहीत, नावे वाचतात. दाराजवळ कोण, टोकाला कोण, कोण आलेच नाही. मेलेला माणूस नक्की कोण होता हे त्या रांगेवरून कळते. आत जाऊन फक्त तो मेला आहे याची खात्री करायची.

पहिले पुष्पचक्र आले ते सर्वांत मोठे होते आणि त्याचा फलक कोरा होता.

फुलवाला घामाघूम झाला होता. “साहेब, बत्तीस वर्षं धंद्यात आहे, कोरा फलक कधी लावला नाही. मी विचारलं, नाव काय घालू? तर तो उंच गिऱ्हाईक म्हणतो, ‘काही नाही.’ मी म्हटलं, ‘काही नाही’ असं लिहू? तर म्हणतो, ‘नाही, काहीच नाही.’”

कोणाचे आहे ते सर्वांना कळले. म्हणूनच तातडीने समिती बसली. समितीसमोर दोन मुद्दे होते. उपकार पाहता हे चक्र दाराजवळ, पहिल्या जागी हवे. पण पहिल्या जागी कोरा फलक असेल तर लोक विचारतील हा कोण. आणि शेवटच्या जागी ठेवला तर पलीकडचे विचारतील आम्ही कोण. कोणी सुचवले, ‘एक हितचिंतक’ लिहा. दोइगाकी म्हणाले की पक्षाला एकच हितचिंतक आहे असे दिसणे बरे नाही. कोणी सुचवले, चक्र परसात ठेवा. तेव्हा परसात आणखी दोन कोरी चक्रे आधीच येऊन पडली आहेत, असे कळले.

संध्याकाळपर्यंत कोऱ्या फलकांची चक्रे चौदा झाली. नावाची सहा होती, त्यांतले एक फुलवाल्याचेच होते.

खुलासा असा. पांढऱ्या इमारतीत एकच कचेरी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरची कचेरी पक्षाला पोसते हे चौथ्या मजल्याला माहीत नव्हते, कारण ते गुप्त होते. चौथा मजलाही पक्षाला पोसत होता आणि तेही तितकेच गुप्त होते. तळमजल्यावर वाहने दुरुस्त करणारा विभाग होता. इतर सगळे पोसतात तर आपण मागे का, एवढ्याच विचाराने तोही पोसत होता. (ओनिझुकांनी कधी कोणाला नाही म्हटले नाही. हा त्यांचा मोठेपणा होता.)

इसोगाईंना त्या दिवशी जेवण गेले नाही. बायको हात्सुए मुळ्याचे लोणचे कापत होती.

“अहो, कोरी तर कोरी. सगळी सारखीच दिसतात ना? मग भांडण कशाचं?”

“त्यांना आपापलं ओळखू येतं. पहिलं कोण, यावर सगळं अडलंय.”

“मग पहिलं ठेवूच नका.”

“रांग म्हटली की पहिलं असतंच गं.”

“रांग कोणी लावायला सांगितलीय? त्या विहिरीभोवती बायका कशा उभ्या राहतात, तुम्हीच लिहिलंयत ना? तिथे कोण पहिली असते?”

इसोगाई चॉपस्टिक्स हातात धरून तसेच बसले. मग उठून त्यांनी दुसऱ्या खंडातले ते पान काढून पाहिले. खरेच लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात निर्भेळ राष्ट्र पक्षाच्या इतिहासात प्रथमच पुष्पचक्रे गोलाकार उभी राहिली. गोलाला पहिला नसतो, शेवटचा नसतो. वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्राचीन राष्ट्रीय पद्धतीचे पुनरुज्जीवन’ म्हटले. दोन प्राध्यापकांनी ही पद्धत अकराशे वर्षे जुनी असल्याचे पुरावे दिले.

स्वागताच्या टेबलावर इसोगाई नोंदवही घेऊन बसले. दहाच्या सुमारास पाहुणे येऊ लागले. एक सहा फूट उंच, निळ्या डोळ्यांचे, पिंगट केसांचे गृहस्थ वाकले आणि त्यांनी लिहिले, ‘यामादा इचिरो, तांदळाचे व्यापारी’. त्यांच्यामागून आणखी उंच गृहस्थ आले. त्यांनीही लिहिले, ‘यामादा इचिरो, तांदळाचे व्यापारी’. असे एकूण तेरा यामादा इचिरो आले, तेराही तांदळाचे व्यापारी, आणि तेरांचा पत्ता एकच. (प्रत्येक कचेरीला वाटत होते की हे नाव फक्त तिलाच सुचले आहे.) आठव्या यामादांनी वही वर-खाली पाहिली, थोडे थबकले, आणि इसोगाईंना हळूच म्हणाले, “आमचं घराणं मोठं आहे.”

“आपल्या घराण्याच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत,” इसोगाई म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

दोइगाकींनी परकीयांविरुद्ध इतके जळजळीत भाषण केले, की दोन यामादांनी ते आपापल्या वहीत टिपून घेतले आणि एकाने डोळे पुसले. सारा विधी निर्विघ्न पार पडला. दोइगाकींनी जाताना इसोगाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “छापायला टाका तुमचं ते. पुढच्या महिन्यात.”

इसोगाई त्या दिवशी ट्रामने न जाता चालत घरी गेले. वाटेत दोन विहिरी लागल्या. दोन्हींना त्यांनी मनातल्या मनात सांगितले.

येथपर्यंत एकही चूक झाली नव्हती. चूक पुढे झाली, आणि शिष्टाचार तंतोतंत पाळल्यामुळे झाली.

मयताला जो जे आणतो, त्याला एकोणपन्नास दिवसांच्या आत साधारण निम्म्या मोलाची परतभेट पाठवायची असते. चहाचा डबा सहसा चालतो. त्या परतभेटीला पुन्हा परतभेट नसते, आभारही नसतात. तिथे हिशेब मिटतो आणि मेलेला माणूस मोकळा होतो. दोइगाकी हे विसरले होते. कामाचा माणूस असे विसरतो. पण परतभेटी इसोगाईंकडे सोपवल्या होत्या, आणि एक जरी राहिली असती तरी ती चूक ठरली असती. चूक ठरली असती तर विहिरी गेल्या असत्या.

त्यांनी उत्तम हिरव्या चहाचे डबे आणले, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने बांधले, वर पक्षाचा शिक्का मारला, आणि नोंदवहीतल्या पत्त्यावर गेले. तो पत्ता एका सार्वजनिक स्नानगृहाचा निघाला.

“तांदळाचे व्यापारी यामादा इथे राहतात का?” त्यांनी गल्ल्यावरच्या बाईला विचारले.

“इथे कोणी राहत नाही, आजोबा. इथे लोक अंघोळ करून जातात.”

“उंच आहेत. निळे डोळे.”

“निळ्या डोळ्यांचा तांदूळवाला?” बाईने त्यांना नीट न्याहाळले. “आजोबा, उन्हात फार फिरू नका.”

इसोगाई स्नानगृहाच्या पायरीवर अर्धा तास विचार करत बसले. गुप्ततेचा नियम असा होता, की ते आले होते हे कोणाला कळता कामा नये. शिष्टाचाराचा नियम असा होता, की ते आले होते हे आपल्याला कळले, हे त्यांना कळलेच पाहिजे. पहिला नियम दहा वर्षांचा होता. दुसरा बाराशे वर्षांचा. इसोगाईंनी हातगाडी भाड्याने घेतली.

पांढऱ्या इमारतीच्या फाटकावर ते अकरा वाजता पोहोचले. तो मंगळवार होता. त्याच फाटकावर, ठरल्याप्रमाणे, पक्षाचे दोनशे तेरावे निदर्शन चालू होते, आणि ठरल्याप्रमाणेच छायाचित्रकारही आले होते. इसोगाई ‘जरा जाऊ द्या, क्षमा करा’ असे म्हणत, वाकत वाकत, गर्दीतून गाडी पुढे नेत गेले. गर्दी त्यांना ओळखत होती. तिने वाट दिली, आणि कोणीतरी मागून गाडीला हातही लावला.

पहारेकऱ्याने विचारले, “कोणाकडे?”

“यामादा इचिरो यांच्याकडे.”

पहारेकऱ्याने आत फोन केला. थोड्या वेळाने तेरा जण एकामागून एक, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे, बाहेर आले. इसोगाईंनी प्रत्येकाला दोन्ही हातांनी डबा दिला आणि प्रत्येकापुढे कमरेत वाकले. वर फडकत होते कापड: ‘परक्यांनो, चालते व्हा’. दुसऱ्या दिवशी हे छायाचित्र सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होते.

देशात खळबळ उडाली. एका दैनिकाकडे चार दिवसांत एकसष्ट पत्रे आली. त्यांपैकी चव्वेचाळीसांत, चहा कोणत्या दुकानातला, अशी विचारणा होती. नऊ जणांना दोऱ्याची गाठ उलटी वाटली. सात जणांनी, हातगाडीवरून परतभेट नेणे कितपत शोभते, असा प्रश्न केला. एका पत्रात मात्र, या लोकांनी मुळात पुष्पचक्रे का पाठवली होती, असे विचारले होते. त्या पत्राखाली नाव नव्हते, म्हणून ते छापले नाही.

परिणाम दूरगामी झाले. आपण इतकी वर्षे घेत आलो आणि साधा चहाचा डबा कधी पोचवला नाही, या जाणिवेने इतर पक्षांना मान वर करवेना. आठवडाभरात पांढऱ्या इमारतीसमोर डबे घेतलेल्या पुढाऱ्यांची रांग लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच एका देशाची राखाडी इमारत होती. तेथे कामगारांच्या पक्षांची रांग लागली. दोन्ही रांगांत काही चेहरे तेच होते. निवडणुकीत निर्भेळ राष्ट्र पक्षाच्या जागा तीनवरून अकरा झाल्या. कृतज्ञता जाणणारा पक्ष, असे लोक म्हणाले.

अध्यक्ष दोइगाकींनी इसोगाईंना बोलावले.

“इसोगाईसान, तुमच्यावर मी खूश आहे. म्हणून सांगायला जड जातं. छापखान्याचा कागद त्यांचा असतो, हे तुम्हाला…”

“ऐकू येतं,” इसोगाई म्हणाले.

“तर आपल्या छपाईचं सगळं आधी तिकडे दाखवावं लागतं. तुमचे तिन्ही खंड दाखवले. त्यांना इतके आवडले, इतके आवडले, की तेच छापतायत.”

इसोगाईंच्या कानांत काही वेळ नुसती घागर बुडल्यासारखा आवाज येत राहिला.

महिन्याने त्यांना पांढऱ्या इमारतीत बोलावणे आले. टेबलापलीकडे आठवे यामादा इचिरो बसले होते. दारावरच्या पाटीप्रमाणे त्यांचे नाव व्हीलर होते.

“इसोगाईसान! अप्रतिम ग्रंथ! सहा प्रांत, प्रत्येक गाव, पाणी किती, वाट कुठून, स्टेशन किती दूर! दहा वर्षांत आमच्या चार मजल्यांना जे जमलं नाही ते तुम्ही एकट्यानं केलंत. सगळं पायी!” व्हीलरांनी खिशातून रुमाल काढला. “आणि ती सासुरवाशिणीची विहीर. मी रडलो हो.”

“छापून झाला का?” इसोगाईंनी अगदी हळू विचारले.

“झाला तर! नऊ प्रती. कातडी बांधणी.”

“एक… एखादी… बघायला मिळेल का?”

व्हीलरांचा चेहरा पडला. “तीच अडचण आहे. ग्रंथ अतिगुप्त ठरला. तो वाचायची परवानगी तुम्हाला नाही.”

“पण तो मी लिहिलाय.”

“म्हणूनच तर! तुम्हाला त्यातलं सगळं आधीच माहीत आहे. आमच्या दृष्टीनं ही फार गंभीर गोष्ट आहे. तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?”

“आजवर कोणी विचारलंच नाही,” इसोगाई म्हणाले.

“आणि हस्तलिखित?” असे त्यांना पुढे विचारायचे होते. पण समोरच्या माणसाला अवघडल्यासारखे होईल म्हणून त्यांनी विचारले नाही. निघताना व्हीलरांनी त्यांच्या हातात एक डबा ठेवला. तोच चहा, तोच दोरा. उघडल्यावर दिसले, की निम्मा रिकामा होता. निम्म्या मोलाची परतभेट, एवढे व्हीलर शिकले होते. परतभेटीला परतभेट नसते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

घरी हात्सुएने डबा हलवून पाहिला. “बावीस वर्षांच्या तंगडतोडीचा अर्धा डबा चहा?”

“तुझी ती बायकांची गोष्टही गेली त्यात. गोल उभ्या राहणाऱ्या.”

“ती मला पाठ आहे.” तिने पाणी उकळत ठेवले. “बसा, सांगते. लिहून घ्या. पहिली विहीर कुठली?”

इसोगाईंनी नवी वही काढली. आपल्या स्मरणावर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी पहिल्या पानावर एक आकडा घातला.

एक बाब अनिर्णित राहिली. कोरी पुष्पचक्रे चौदा होती आणि यामादा तेरा. चहाचा एक डबा उरला. चारही मजल्यांवर चौकशी केली, राखाडी इमारतीतही केली. चौदावे कोणाचेच नव्हते. ते कोणी पाठवले असावे? जो सगळे पाहतो, मजेने पाहतो, टाळ्या वाजवतो, आणि हे चालते कशावर असे कधी विचारत नाही, असा कोणीतरी असणार, एवढेच इसोगाईंना सुचले. पण असा माणूस कुठे शोधायचा, ते त्यांना कळेना.

वाचकहो, आपण ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत. ज्या कागदावर ती छापली आहे तो पाहा. चांगला पांढराशुभ्र, जाड आहे. तो कोणी दिला, हे आपण एकदाही विचारले नाहीत.

डबा लवकरच आपल्याकडे पोचेल. परत पाठवू नये. तसा रिवाज नाही.